पुढे न सरकणारी सीट

माझा नवरा मला चारचौघांत 'अगं' म्हणायचा आणि मी त्याला 'अहो'. पण मनातल्या मनात मी त्याला कधी अहोजाहो केलेलं नाही, आणि त्या गाडीच्या दिवसांत तर मुळीच नाही. तेव्हा इथे मी एकेरीवरच येणार आहे. तो हे वाचेल, हसेल आणि म्हणेल, "लिही की." त्याचं हेच मला असह्य व्हायचं. आपण कंबर कसून भांडायला उभं राहावं आणि समोरच्याने "बरोबर आहे तुझं" म्हणत हातात पाना घ्यावा, यासारखा दुसरा छळ नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बहरैनला सौदीशी जोडणारा पूल अजून बांधून व्हायचा होता. आम्ही माहूजला एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर राहत होतो. तो कोल्हापूरचा, एका कंपनीत एअर कंडिशनिंगचा इंजिनीअर. मी पुण्याची, सलमानियाला इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला. मूलबाळ अजून नव्हतं. एक छोटी जपानी गाडी होती, जिने कधी कसली तक्रार केली नाही. सकाळी तो मला तिच्यातून इस्पितळाच्या फाटकाशी सोडायचा आणि दुपारी घ्यायला यायचा. म्हणजे यायचं ठरलेलं असायचं. प्रत्यक्षात त्याच्या साइटवर काहीतरी निघायचं आणि मी पदर डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर उभी. बहरैनचं ऑगस्टमधलं ऊन नुसतं भाजत नाही, समुद्राच्या वाफेने उकडतंही. दुसऱ्या बाया आपापल्या गाड्या काढून माझ्या समोरून निघून जायच्या. त्यांतली एखादी काच खाली करून विचारायची, "सोडू का?" मी म्हणायची, "नको, येतीलच इतक्यात." आणि मग आणखी अर्धा तास तिथेच.

म्हणून मी गाडी शिकायची ठरवली. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा सकाळीच तो मला सखीरला घेऊन जायचा. आज तिथे शर्यतींचा मार्ग आहे, विद्यापीठ आहे. तेव्हा थंडीत तंबू ठोकायला लोक यायचे, एरवी नुसती वाळू. धडकायला काही नसल्यामुळे शिकायला जागा उत्तम. तो शिकवायचा चांगलं, हे मान्य करते. एकदाही ओरडला नाही. परीक्षेत मी दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. लायसन्स हातात आलं त्या संध्याकाळी तो म्हणाला, "झालं. मला न्यायला कंपनीची व्हॅन येईल. ही गाडी आता तुझी." मी दुसऱ्याच दिवशी मनामाच्या बाजारात जाऊन एक कीचेन घेतली, पितळी, मासोळीची. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सोडायची आणि कुणी घ्यायला यायची गरज उरणार नव्हती. एवढंच हवं होतं मला. हिरे नाही, बंगला नाही.

मासोळीत किल्ली अडकवायची राहिलीच. लायसन्सची शाई वाळायच्या आत त्याने ती गाडी विकली.

झालं असं की अवालीच्या बाजूला राहणारा एक अमेरिकन गाशा गुंडाळून घरी निघाला होता आणि त्याच्या अंगणात एक गाडी पडून होती. दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. तिकडची तरुण पोरं अशा गाड्या घेऊन शर्यती लावतात म्हणे. अशा गाडीला मसल कार म्हणतात, हेही मला नवऱ्यानेच सांगितलं. ट्रकवर घालून ती आमच्या इमारतीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उतरवली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. स्नायू कुठे दिसेनात, नुसता सांगाडा होता. दरवाज्याच्या खालचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला, पुढच्या बंपरवर गंजाचे फोड, डॅशबोर्डला उन्हाने पडलेल्या भेगा. इंजिनाच्या झाकणाखाली मांजर व्यालं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गाडी. आपल्या दोघांची," तो म्हणाला. "रोज वापरायची. शोभेला नाही ठेवायची. बघच तू, कशी पळंल."

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं म्हणतात. इथे पळतंही काही नव्हतं. चारी टायर बसलेले होते.

मी दार उघडून ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. जुना मालक चांगला सहा फुटांच्या वरचा असणार. सीट पार मागे सरकवलेली होती आणि मी पाच फूटही भरत नाही. पाय लांब केले तर चप्पल क्लचपासून वीतभर अलीकडे हवेत लोंबत राहिली. सीटखाली हात घालून खटका ओढला, जोर लावला, हिसके दिले. ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर सीट पुढेमागे सरकते त्या वाळूने आणि गंजाने अशा बसल्या होत्या की सीट तसूभरही हलेना.

"अहो, ही सीट पुढे सरकत नाही."

"सरकंल की," तो म्हणाला. "इंशाल्ला."

पुढचे कित्येक महिने मी हा एकच प्रश्न विचारला आणि मला हे एकच उत्तर मिळालं. त्याच्या डोक्यात कामांचा क्रम पक्का होता. आधी इंजिन, मग ब्रेक, मग खालचा पत्रा, मग रंग. सीट कुठेच नव्हती, कारण तो स्वतः सहा फुटी होता आणि सीट त्याच्या मापाची होती. त्याच्या पायांना काही कमी पडत नव्हतं, तेव्हा कामही नव्हतं.

दरम्यान माझं काय? तर मला कंपनीच्या व्हॅनमध्ये कोंबण्यात आलं. व्हॅनचा ड्रायव्हर गुहागरकडचा, आमच्याहून वयाने थोडा मोठा आणि अतिशय मायाळू माणूस. तो आधी नवऱ्याला सोडायचा, मग आणखी दोन साइटींवर माणसं उतरवायची, मग मला. परतताना उलट. पूर्वी मी एका माणसाची वाट पाहत फाटकात उभी राहायची, आता सगळ्या कंपनीची. ज्या बाया काच खाली करून विचारायच्या त्यांनी विचारायचंही सोडून दिलं.

आणि शुक्रवार! सखीर बंद झालं, कारण सखीरला जायला गाडी नव्हती. त्याऐवजी प्लॉटवर मराठी मंडळी जमायला लागली. एक बँकेतले, एक विम्यातले, दोघे पुण्याचे हिशेबनीस. गाडीच्या उघड्या तोंडात सगळे माना घालून उभे राहायचे. उंटावरचे शहाणे उंटांच्या देशात येऊन पोचले होते. कार्बोरेटर काढावा, असं एक म्हणायचा. अजिबात हात लावू नये, असं दुसरा. हात काळे फक्त माझ्या नवऱ्याचे व्हायचे. बाकीच्यांचे कांदेपोह्यांनी पिवळे. मी पोहे नेऊन द्यायची आणि परत फिरायच्या आत गाडीखालून आवाज यायचा, "अगं, तो बारा नंबरचा दे जरा." मग मी बारा नंबरचा पाना शोधायची. कालांतराने शोधावं लागेनासं झालं. हात घातला की बारा, चौदा, सतरा, हवा तो यायचा. लग्नाआधी आईने मला स्वयंपाकघरातली सगळी भांडी ओळखायला शिकवली होती. पाने मी इथे येऊन शिकले, गाडी चालवायला मिळावी म्हणून.

एके दिवशी इंजिन सुरू झालं. ते कसं झालं हे सांगत बसत नाही, कारण त्याने ते मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. आवाज मात्र खरा होता. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या आणि मांजर पिल्लं घेऊन कायमचं निघून गेलं. माझ्या अंगावरही काटा आला, नाही म्हणणार नाही. मला वाटलं, आता माझी पाळी.

मी घरात जाऊन बैठकीतला लोड आणला. सीट पुढे येत नाही ना, मग मीच पुढे येते. लोड पाठीशी उभा ठेवला, टेकून बसले, आणि खरंच पाय क्लचला टेकला. मंडळी पोह्याच्या ताटल्या घेऊन बघत उभी. मी क्लच दाबला. त्या धुडाचा क्लच इतका कडक की तो खाली जाण्याऐवजी मीच मागे जायला लागले. लोड दबला, मी दबले आणि क्लच अर्ध्यावर अडला. गिअर कसाबसा पडला, पाय निसटला, गाडीने एक उडी मारली आणि कचऱ्याच्या पिंपाला धडकून बंद पडली. पिंप आडवं झालं. माझ्या मागे लोड आणि पुढे स्टीअरिंग, मध्ये मी चेपलेली. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "वहिनी, ही बायकांची गाडीच नव्हे."

आणि माझा नवरा हसला. वाईट अर्थाने नाही. पण हसला.

तळपायाची आग मस्तकात गेली. लोड उचलला आणि घरात निघून आले. पोह्यांची दुसरी खेप झाली नाही. संध्याकाळी मी त्याला स्पष्ट सांगितलं, "सीट पुढे सरकल्याशिवाय मी त्या गाडीत बसणार नाही. शेजारी तर नाहीच नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि चेष्टा नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्याने सीट बाहेर काढली आणि त्या गंजलेल्या पट्ट्या सोडवल्या. त्यांचे दात झिजून गेले होते. नव्या हव्या होत्या.

कुणीही शहाण्या माणसाने अमेरिकेतून मागवल्या असत्या. पण कोल्हापूरच्या माणसाला एक आजार असतो. जगातली कुठलीही लोखंडी वस्तू कोल्हापुरात हुबेहूब करून मिळते, अशी त्याची श्रद्धा असते. "शिरोलीला आत्तेभावाचा कारखाना आहे. नमुना दिला की झालं. अमेरिकेच्या वरताण करून देतोय बघ," तो म्हणाला. तेवढ्यात व्हॅनचा ड्रायव्हर गणपतीला दोन महिन्यांच्या रजेवर घरी निघाला. नवऱ्याने पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर सुतळी बांधली आणि त्याच्या बॅगेत घातल्या. गुहागरहून एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला पाठवायच्या आणि येताना नव्या घेऊन यायच्या. मी विमानतळापर्यंत गेले होते सोडायला. ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, जिवापाड सांभाळा हो." तो म्हणाला, "वहिनी, काळजीच करू नका."

तोवर गाडीत नुसतीच सीट ठेवून कसं चालेल? नवऱ्याने एका दुकानाच्या मोडक्या मांडणीतला अँगल आणला, भोकाभोकांचा असतो तो. त्याचे दोन तुकडे करून तळाला घट्ट बसवले आणि त्यावर चार बोल्टनी सीट आवळली. अर्थातच मागच्या भोकांवर, स्वतःच्या मापाने. "तात्पुरतं आहे," तो म्हणाला.

तात्पुरतं असताना त्याने गाडीचा रंग करून घेतला. रंगारी रोज 'बुक्रा' म्हणायचा, म्हणजे उद्या, पण शेवटी गडद निळा रंग असा बसला की त्यात चेहरा दिसावा. बंपर चकाकायला लागले. तात्पुरतं असतानाच तो मला रोज सकाळी सलमानियाला सोडायला लागला. होय, मी बसले शेजारी. व्हॅनवर नवा ड्रायव्हर आला होता, त्याच्यापेक्षा हे बरं. कुठल्याही सिग्नलला थांबलो की बाजूच्या गाडीतली बहरैनी पोरं अंगठा वर करून दाखवायची आणि नवरा मान तुकवायचा. दुपारी तो पूर्वीसारखाच उशिरा यायचा. आता फक्त लांबूनच ऐकू यायचा.

ड्रायव्हर रजेहून परत आला. विमानतळावरून थेट आमच्याकडे, हातात कोकमाची आणि काजूची पिशवी. पिशवी माझ्या हातात दिली आणि खुर्चीवर न बसता दाराशीच उभा राहिला. मी विचारलं, "पट्ट्या?"

"काय सांगू वहिनी," तो म्हणाला. "आमच्याकडं ब्याग उघडली का सगळी वाडी वसरीवर येऊन बसते. ब्याग काय आपली ऱ्हाते? मी न्हायला गेलो, तवर आयेनं सोडलीन. अत्तर येकाला, साबण येकाला, ब्याटरी येकाला. मामाच्या वाट्याला कायच उरला नाय, तर आयेनं तो पुडका मामाला दिलान."

"मग मागून घ्यायचं नाही का?" नवरा म्हणाला.

"मामा खूश झाला ना! म्हणाला, भाच्यानं माज्यासाठी फॉरीनचा सामान आणलान. दुसऱ्या दिवशी बघतो तर कोंबड्यांच्या खुराड्याला सरकता दार लावलान त्याचा. कानस मारून, त्याल घालून. अख्खी वाडी बघायला येते. आता माणसानं दिलेली वस्तू परत कशी मागायची? आयेचं तोंड कुठं ऱ्हायलं असता?"

गल्फहून आलेल्या बॅगेत जे निघेल ते आपल्या माणसांसाठी आणलेलं असणार, हे त्याच्या आईला कुणी शिकवायची गरज नव्हती. गंजकं लोखंड असलं तरी. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. ड्रायव्हरचंही नाही. तो बिचारा रडवेला झाला होता. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, बसवलं. पण आता गुहागरच्या कोंबड्या माझ्या सीटवर ये-जा करत होत्या आणि मी अजून फाटकातच उभी होते.

 ड्रायव्हर गेल्यावर नवरा हसू दाबत म्हणाला, "चला, कुणाच्या तरी उपयोगाला आलं."  मग तो खिडकीशी गेला, बाहेरच्या निळ्या गाडीकडे बघितलं आणि सहज म्हणाला, "तसं आत्ता आहे ते काय वाईट आहे? मी आहेच की तुला सोडायला."

ओरडून, रडून जेवढं म्हणून करता येतं ते सगळं माझं आधी करून झालं होतं. त्या वाक्यावर मात्र मी शांत झाले. त्याला खरोखरच वाटत होतं की मला कुठेतरी पोचायचं आहे. मला पोचायचं नव्हतं, जायचं होतं. हा फरक त्याला सांगून कळला नसता.

त्याच आठवड्यात मला एक दिवस सुट्टी होती. नवऱ्याला दूरच्या साइटवर न्यायला सकाळीच व्हॅन आली. व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी हत्यारांची पेटी घेऊन प्लॉटवर गेले. साडीचा पदर खोचला, दार उघडलं आणि सीटखाली डोकं घातलं. बोल्टची डोकी बघून हात आपोआप चौदा नंबरवर गेला. पहिला बोल्ट सुटेना. पान्यात एक पाइप अडकवला आणि सगळं वजन टाकलं, जसं तो टाकायचा. करकरला आणि सुटला. चौथा सुटेपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली होती.

सीट हलकी निघाली. खाली वाळू होती, एक अमेरिकन नाणं होतं आणि माझी हरवलेली हेअरपिन होती. मी भोकं मोजली नाहीत. सीट पुढे ढकलली, बसून पाय टेकवून पाहिला, आणखी ढकलली. मांडणीच्या अँगलला भोकांना तोटा नसतो. जिथे क्लच तळापर्यंत गेला, गुडघा थोडा वाकलेला राहिला आणि पाठ सीटला टेकली तिथे चारी बोल्ट पुन्हा आवळले. सतरंजीची घडी करून खाली घेतली तेव्हा ते लांब नाक ओलांडून समोरचा रस्ताही दिसला. मग मी दार लावून तशीच बसले. काच वर, आत भट्टी झालेली. आणि मला रडू आलं. इतकं सोपं होतं? चार बोल्ट? इतके महिने मी कोणाची वाट पाहत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीळ घालत खाली उतरला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि बसायला गेला. एक पाय आत गेला. गुडघा स्टीअरिंगला अडकला. त्याने बाहेर येऊन सीटकडे पाहिलं, मग खाली वाकून बोल्टकडे, मग माझ्याकडे.

"अगं, हे काय केलंस?"

"तात्पुरतं आहे," मी म्हणाले.

 मी किल्ली मागितली. त्याने दिली. ती मी पर्समधल्या मासोळीत अडकवली आणि तो मुकाट्याने पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसला. मनामापर्यंत त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. दोनदा "हळू" म्हणाला, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला नाही. त्याच्या ऑफिससमोर मी गाडी उभी केली. तो उतरला, वाकून खिडकीतून म्हणाला, "दुपारी येशील ना?"

"येईन की," मी म्हणाले.

त्या दुपारी काम संपल्यावर मी फाटकाबाहेर पदर घेऊन उभी राहिले नाही. सरळ गाडीपाशी गेले. आधी सलमानियाला एक चक्कर मारली, मग समुद्राच्या बाजूने आणखी एक. काही काम नव्हतं. नुसतं जायचं म्हणून गेले. मग त्याच्या ऑफिसच्या रस्त्याला वळले आणि आवाजावरून कळू नये म्हणून थोडं अलीकडेच इंजिन बंद करून थांबले.

तो फाटकाबाहेर उन्हात उभा होता. डोक्यावर रुमाल, हातात डब्याची पिशवी, शर्ट पाठीला चिकटलेला. त्याचे साहेब गाडीतून जाताना काच खाली करून काहीतरी म्हणाले, तसा तो हात हलवून हसला. नको, येईलच इतक्यात, असंच म्हणाला असणार. मग पुन्हा रस्त्याच्या भलत्याच टोकाकडे बघत राहिला. मी हॉर्न वाजवला नाही. तो तिथे कसा उभा आहे ते मला जरा बघायचं होतं.